सतरा चौऱ्याण्णवची लेट गाडी

माझा धंदा कडक भाकरीचा. भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर कडक होईपर्यंत वाळवायची. घाई केली की करपते, लक्ष उडालं की मऊ राहते. म्हणजे डोकं ठिकाणावर लागतं. माझं ते राहत नाही, कारण माझ्या भिंतीला भिंत लावून हिंदुराव नाना राहतात आणि रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते अमेरिकेतली एखादी लढाई सुरू करतात.

नाना एसटीतून निवृत्त झालेले. गाव मंगळवेढ्याच्या पलीकडचं. कंडक्टर म्हणून लागले, पण आवाज असा की यांनी 'पुढे सरका' म्हटलं तर पुढच्या गाडीतली माणसंही सरकायची. कुणा साहेबाच्या ते ध्यानात आलं आणि पुढे वाहतूक नियंत्रक होऊन सोलापूरच्या स्टँडावर नानांच्या हातात माईक आला. तो निवृत्तीपर्यंत सुटला नाही. एरवी नाना बोलायला पक्के हाय-न्हायवाले. माईक तोंडाशी आला की मात्र भाषेला कडक इस्त्री. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बार्शीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागली आहे." प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, असा त्यांचा नियम. निवृत्तीच्या दिवशी माईक स्टँडावर राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. त्यांच्या सोनाबाई म्हणतात, "चा मागत्यात ते बी जाहीर करून. आन मी उठले तरी दुसऱ्यांदा जाहीर करत्यात."

या माणसाची दुसरी खोड म्हणजे आकडा दिसला की त्याची गाडी करायची. एसटीचं घड्याळ चोवीस तासांचं, त्यामुळे साल आणि वेळ त्यांच्या डोक्यात एकाच खुंटीला टांगलेली. स्वतःचा जन्म एकोणीसशे अठ्ठावन्नचा, तर म्हणायचे, "मी एकोणीस अठ्ठावनची गाडी. शेवटची जनता बस." सोनाबाई बासष्टच्या. आता घड्याळात साठाच्या पुढे मिनिटं नसतात. मग नाना त्या गाडीला लेट धरणार, पुढच्या तासात ढकलणार आणि सांगणार, "ही वीस-दोनची." मुलगा ऋतुराज चौऱ्याऐंशीचा, तो झाला वीस-चोवीसचा. मी एकदा म्हटलं, "अहो नाना, म्हणजे तुमचा मुलगा दोन हजार चोवीसला जन्मला म्हणायचा?" तर मला म्हणाले, "दानम्माताई, तुमी भाकरी बघा की." मी बघते भाकरी, पण कान काही झाकून ठेवता येत नाहीत.

ऋतुराज बायकोला, वैष्णवीला, घेऊन अमेरिकेत गेला, त्याला बरीच वर्षं झाली. ओहायो नावाच्या मुलखात राहतात. त्यांची आबोली तिथेच जन्मली, आता चौथीत आहे. रोज पाच वाजता, म्हणजे तिकडे सकाळी, शाळेची पिवळी बस यायच्या आधी ती नानांना व्हिडिओ कॉल करायची. करायची म्हणजे तिला करायला लावायचे. नाना त्यासाठी दुपारीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून मोबाईलसमोर बसलेले. आणि कॉल केवढा? "हाय नाना. आय अॅम गुड. बस आली, बाय." झालं.

सोनाबाई एकदा म्हणाल्या, "तिच्या मागं खिडकीतनं रस्ता दिसतोय की. कुटं हाय बस?"

"यायलीय आसंल. लांबनं दिसत आसंल तिला," नाना म्हणाले.

हयात एसटीत घालवलेला माणूस. गाडी आलीय की नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण पोरीचा खोटेपणा त्याने स्वतःच्या अंगावर घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारी दाढी केली. मला त्या पोरीचा रागच यायचा.

मग एके दिवशी तिच्याकडून ते 'बाय' आलं नाही. ती रडकुंडीला आली होती. शाळेत जुन्या लढाया, किल्ले, तह असं काहीतरी सुरू झालेलं आणि पाठ करायला सनावळ्यांचा मोठा कागद दिलेला. "सो मेनी नंबर्स, नाना. माझ्या डोक्यात राहत नाहीत."

"नंबर?" नाना खुर्चीत सरळ झाले. "सांग की एखादा."

"सेव्हन्टीन फिफ्टी-फोर."

"सतरा-चोपन. म्हंजे संध्याकाळी सहाला सहा मिनटं कमी. फलाटावर गर्दी, पोरं शाळंतनं सुटल्याली, त्यात पाऊस. हां, काय झालं म्हन त्या गाडीचं?"

त्या गाडीचं असं झालं होतं, की इंग्रजांकडच्या वॉशिंग्टन नावाच्या तरण्या अधिकाऱ्याने रानात घाईघाईने लाकडी किल्ला उभारला होता, नेमका पाऊस आला, बंदुकीची दारू भिजली आणि तीन जुलैला त्याला फ्रेंचांपुढे हात टेकावे लागले. चार जुलैला तो किल्ला सोडून गेला. पुढे बावीस वर्षांनी त्याच चार जुलैला त्यांच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. नानांना हे फार आवडलं. "तारीख तीच, गाडी येगळी," ते म्हणाले आणि पोरगी हसली. नानांच्या घरातून तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून आमच्या गल्लीचं काही खरं राहिलं नाही. नानांना हळू बोलता येत नाही, आणि कानाने जरा कमी म्हणून मोबाईलही मोठ्याने. सतरा-पंचावन्नला, म्हणजे पुढच्याच मिनिटाला, दुसरा इंग्रज सेनापती त्याच रानात फौज घेऊन गेला आणि नऊ जुलैला तीही फौज कापली गेली. नाना म्हणाले, "एक गाडी पंक्चर झालेली दिसती, तरी त्याच रस्त्यानं दुसरी सोडली. कोन व्हता ह्यांचा डेपो मॅनेजर?" मग अठरा-तीन. फ्रान्सने मिसिसिपीच्या पलीकडचा केवढा तरी मुलूख एका कराराने अमेरिकेला विकून टाकला. इथे सोनाबाई निवडायची मेथी बाजूला ठेवून मोबाईलसमोर आल्या.

"विकला? पन सातबारा कुनाच्या नावावर व्हता?"

आबोलीला सातबारा कळेना. नानांनी समजावलं. ती म्हणाली, "आजी, तिथे आधीपासून लोक राहत होते. नेटिव्ह लोक. त्यांना कुणी विचारलंच नाही."

"मग ह्ये खरेदीखत खोटं हाय," सोनाबाई म्हणाल्या आणि मेथीकडे परत गेल्या. पुढे कुठलाही तह निघाला की त्यांचा तोच सवाल असायचा, आणि आबोलीचं उत्तरही बहुतेक तेच असायचं.

अठरा-चारला मे महिन्यात लुईस आणि क्लार्क नावाचे दोघे नद्या-डोंगर तुडवत पश्चिमेचा समुद्र गाठायला निघाले आणि अठरा-सहाला सप्टेंबरात परत आले. नानांना ते पटेना. "दोन मिनटांत समुद्र बघून माघारी? हितं दोन मिनटांत गाडी फलाटावरनं मागं घेता येत न्हाय." दोन मिनिटं नव्हेत, दोन वर्षं, असं आबोलीने हसत हसत सांगितलं, आणि नानांनी ते मुद्दाम पुढचे तीन दिवस चुकीचं सांगितलं, कारण ती हसायची.

पण अठरा-पंधराच्या गाडीला नाना हसले नाहीत. इंग्रज आणि अमेरिकन यांची दुसरी लढाई जुंपलेली. अठरा-चौदाच्या डिसेंबरात युरोपात तहावर सह्या झाल्या. बातमी यायची जहाजाने, त्याला लागणार आठवडे. इकडे न्यू ऑर्लिन्सला दोन्ही फौजांना काही पत्ता नाही, आणि आठ जानेवारीला त्यांनी मोठी लढाई केली. शेकडो माणसं गेली.

"तह झाल्याला असून मेली?" नानांनी दोनदा विचारलं. "निस्तं कुनी जाहीर केलं न्हाय म्हनून?" त्या दिवशी त्यांचा चहा निवून गेला. सोनाबाईंनी तो पुन्हा तापवला, तोही निवला. "बातमी वेळंवर न्हाय पोचली की असं हुतं, आबोली," असं ते त्या पोरीला सांगत होते, जसं काही न्यू ऑर्लिन्सच्या स्टँडावर त्या दिवशी त्यांचीच ड्युटी होती.

आता कॉल वीस मिनिटं चालायला लागला होता. पोरगी मराठी बोलायला लागली होती, तेही नानांसारखं. "नाना, आज लई नंबर हायेत," असं तिने म्हटलं त्या दिवशी नानांनी सबंध गल्लीत भजी वाटली. मला चार दिली. मी म्हटलं, भज्यांबरोबर आवाजही जरा कमी करून दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

घोळ झाला तो पुढच्या गाड्यांचा. शाळेत इतिहासाची संध्याकाळ ठरली. प्रत्येक मुलाने एकेका प्रसंगाचं पोस्टर लावायचं आणि समोर उभं राहून आलेल्या पालकांना सांगायचं. आबोलीच्या वाट्याला तिच्याच ओहायोतली फॉलन टिंबर्सची लढाई आली. वादळाने उन्मळून पडलेल्या झाडांच्या आडोशाने तिथल्या मूळ टोळ्या अमेरिकन फौजेशी लढल्या आणि हरल्या, पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलला तह होऊन त्यांचा बराचसा मुलूख गेला, अशी ती हकिकत. लढाई सतराशे चौऱ्याण्णवची, तह पंच्याण्णवचा.

सतरा-चौऱ्याण्णव. घड्याळात असली वेळच नाही. नानांच्या डोक्याने एवढी वर्षं जे केलं तेच केलं. गाडी लेट धरली, पुढच्या तासात ढकलली आणि दणक्यात जाहीर केली, "अठरा-चौतीस. आन तह अठरा-पस्तीस." मी भिंतीअल्याड भाकरी उलटत होते. मलाही काही वाटलं नाही, कारण तोवर आम्हा सगळ्यांना ती चाल अंगवळणी पडली होती. पोरीने तर ते दोन आठवडे घोकलं.

पुढचं ऋतुराजने फोनवर सांगितलं, आणि त्या दिवशी तो नानांपेक्षा मोठ्याने बोलला. आबोली पोस्टरपुढे ताठ उभी राहिली, घसा खाकरला, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे'चं इंग्रजी केलं आणि खणखणीत आवाजात अठराशे चौतीस सांगितलं. मागे पोस्टरवर तिच्या आईने मोठ्या अक्षरात सतराशे चौऱ्याण्णव लिहिलेलं. बाईंनी हळूच पोस्टरकडे बोट दाखवलं. यावर आमच्या आबोलीने वाद घातला. म्हणाली, पोस्टरवर आहे ती वेळापत्रकातली वेळ, लढाई प्रत्यक्षात चाळीस वर्षं लेट सुटली. वर्गातली मुलं खो-खो हसली, पालक हसले. पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडत बसली ती घरी जाईपर्यंत.

"नाना, आता पुरे झालं," ऋतुराज म्हणाला. "तिचा अभ्यास आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता नाना दाढी करून बसले होते. कॉल आला नाही. तिसऱ्या दिवशी वैष्णवीने केला. बिचारी म्हणाली, आबोली झोपलीय. मागून आबोलीचाच आवाज ऐकू येत होता. नानांनी "बरं, झोपू दे" म्हटलं आणि ठेवून दिला. मग त्यांनी दाढी करणंच सोडलं.

तो आठवडा मला आठवतो. गल्ली एकदम चिडीचूप. माझ्या भाकरी अशा झाल्या की गिऱ्हाईक तारीफ करून गेलं. मी वर्षभर जी शांतता मागत होते ती मिळाली, आणि ती मला मुळीच सहन होईना. नाना दारात बसायचे आणि सोनाबाईंना चहा खुणेने मागायचे. सोनाबाई माझ्याकडे येऊन पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चा मागायला तोंड उघडंना झालाय गं मानूस. पोरीला हसवाय गेलो आन पोरीचं हसं केलं, येवढंच म्हंतोय."

मला राग आला की मी हातातलं टाकून जाते. पिठाच्या हातांनीच गेले.

"नाना, ऐनवेळी फलाट बदलला तर तुम्ही काय करत होता?"

त्यांनी मान वर केली. "जाहीर करत हुतो."

"आणि तुमच्याच तोंडून चुकीचा फलाट गेला तर?"

"लगीच दुरुस्ती जाहीर करायची. दोनदा. मानूस चुकीच्या फलाटावर हुबं ऱ्हातंय न्हायतर."

"मग ती पोरगी कुठे उभी आहे सध्या?"

मी थांबले नाही. म्हटलं, "तह झाला आणि कुणी जाहीर केलं नाही म्हणून माणसं मेली, हे सगळ्या गल्लीला ओरडून कुणी सांगितलं? ती समजतेय की ती बावळट आहे. चूक तुमची आहे हे तिला अजून कळवलंय कुणी? जहाजाने पाठवणार आहात का?"

जरा जास्तच बोलले मी. सोनाबाईंनी माझा हात धरला. पण नाना उठले. आत जाऊन त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, मोबाईल हातात घेतला आणि मला म्हणाले, "ते निस्ता आवाज पाठवायचं कुटलं बटन?"

मी बटण दाखवलं. त्यांनी मोबाईल माईकसारखा तोंडाशी धरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ओहायो येथील प्रवासी कुमारी आबोली यांनी विशेष लक्ष द्यावे. फॉलन टिंबर्सची लढाई, जिची वेळ यापूर्वी अठराशे चौतीस अशी जाहीर करण्यात आली होती, ती वीस ऑगस्ट सतराशे चौऱ्याण्णव रोजीच झालेली आहे. ग्रीनव्हिलचा तह तीन ऑगस्ट सतराशे पंच्याण्णव रोजी झालेला आहे. दोन्ही गाड्या वेळेवर होत्या. चूक जाहीर करणाऱ्याची आहे. प्रवाशांना झालेल्या त्रासाबद्दल..." इथे आवाज अडकला आणि इस्त्री उतरली. "चूक माजी व्हती, बाळ. तुजी न्हाय. तू बराबर हुबी ऱ्हायलीस, बराबर बोललीस. नियंत्रकच येडा निघाला."

मग नियमाप्रमाणे सगळं दुसऱ्यांदा म्हटलं. दुसऱ्यांदाही त्याच जागी अडकले.

त्या संध्याकाळी कॉल आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नाना मात्र दोन्ही दिवस दाढी करून बसले, आणि मी उगाचच भिंतीच्या बाजूच्या चुलीवर तवा ठेवून बसले. आमचा शाकीर, तो माझ्या भाकरी रिक्षातून दुकानांत पोचवतो, त्यानेही पाच वाजले की विचारायला सुरुवात केली, "खाला, अमेरिका आयी क्या?"

तिसऱ्या दिवशी आली. मोबाईल वाजला आणि लगेच मोठ्या आवाजात एका पोरीची घोषणा सुरू झाली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सोलापूरचे नाना यांनी विशेष लक्ष द्यावे. तुमचा मेसेज मी मिसला ऐकवला. मग मिसने सगळ्या वर्गाला ऐकवला. मी प्रत्येक ओळीचं इंग्लिश करून सांगितलं. सगळे हसले."

"हसले?" नानांचा आवाज पडला.

"मला न्हाय हसले. 'प्रवासी' ऐकून हसले. आता सगळे लाईनमध्ये उभे राहताना तसंच बोलतात. आणि नाना, मिसने मला पोस्टरपुढे परत उभं केलं. मी सतराशे चौऱ्याण्णव सांगितलं. दोनदा."

"दोनदा सांगितलंस?"

"रूल हाय की तो."

सोनाबाईंनी मधेच तोंड घातलं, सातबाराचं कुणी विचारलं का म्हणून. आबोली म्हणाली, विचारलं नाही, पण मीच सांगितलं, की ज्यांचं रान होतं त्यांच्या नावावर काही राहिलं नाही. सोनाबाई म्हणाल्या, "शानी माजी बाय." मग बोलणं लांबत गेलं आणि मला नाना गडबडल्याचं जाणवलं. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. मागचे सगळे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे कॉल त्यांना आठवले असणार. पोरीने म्हणायच्या आधी आपणच म्हणावं, म्हणजे लागत नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं.

"बरं, तुजी बस आली आसंल," ते म्हणाले. "जा तू. ठिवतो मी."

मोबाईलमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठून खिडकीशी गेली असावी.

"दिसलीय नाना," ती म्हणाली. "पण लांब आहे अजून. लागली नाही. तुम्ही बोला की."

त्यावर नाना काय बोलले ते मला सांगता येणार नाही. मी तवा सोडून भिंतीला कान लावला, तरीही नाही. इतक्या वर्षांच्या शेजारात हा माणूस पहिल्यांदाच इतकं हळू बोलला, की भिंतीअल्याड काहीच आलं नाही, आणि तव्यावरची माझी भाकरी तेवढ्यात करपली.